चुना उतरवलेलं चर्च: बॉम जेझुसच्या भिंतींचं प्रकरण

जुन्या गोव्यात बॉम जेझुस बासिलिकेच्या दर्शनी भिंतीपाशी गेलं की एकाच भिंतीत दोन दगड दिसतात. खांब, खिडक्यांच्या चौकटी, आडव्या पट्ट्या, वरची कोरीव नक्षी हे सगळं काळ्या बेसॉल्टचं आहे आणि त्यांच्या मधली उरलेली भिंत तांबड्या जांभ्याची. बेसॉल्टच्या कडा चारशे वर्षांनंतरही स्पष्ट आहेत. जांभ्याला बोट लावलं तर बोटावर तांबडी पूड येते. जवळून पाहिलं की आणखी एक गोष्ट लक्षात येते. जिथे जांभा बेसॉल्टला टेकतो, तिथे तो मागे सरकला आहे. खांब पुढे आला आहे असं वाटतं, पण खांब होता तिथेच आहे. झिजली आहे ती त्याच्या शेजारची भिंत.

गोव्यात येणारा प्रत्येक जण ही तांबडी-काळी भिंत कॅमेऱ्यात घेऊन जातो. कॅलेंडरं, पोस्टकार्डं, पर्यटनाच्या जाहिराती, सगळीकडे तिचं हेच रूप आहे. गोव्याची बाकीची चर्चं शुभ्र पांढरी आणि हे एकच उघड्या दगडाचं, म्हणून ते सर्वांत जुनं असणार, असंही पाहणाऱ्याला वाटून जातं. खरी गोष्ट अशी की बॉम जेझुस साडेतीनशे वर्षं चुन्याच्या गिलाव्यात होतं. तो गिलावा १९५० च्या दशकात मुद्दाम खरवडून काढला गेला. तो काढण्यामागे काय विचार होता, काढल्यावर दगडाचं काय झालं आणि आता काय करावं, असं हे प्रकरण आहे. माझ्या मते वास्तू सांभाळण्याचं काम करणाऱ्या प्रत्येकाने ते नीट समजून घ्यायला हवं.

इमारत

हे चर्च जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचं. इराणच्या आखातातल्या होर्मूझ या पोर्तुगीज ठाण्याचा कॅप्टन राहिलेल्या दों जेरोनिमो मास्कारेन्यश याने १५९३ साली मरताना मागे ठेवलेल्या पैशांतून ते उभं राहिलं. त्याचं स्मारक आजही आत, मधल्या दालनाच्या भिंतीत आहे. पायाचा दगड २४ नोव्हेंबर १५९४ रोजी बसवला गेला आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेइशो द मेनेझिश यांच्या हस्ते चर्चचं पवित्रीकरण झालं. वरच्या कॉयरला, म्हणजे गायकांच्या सज्जाला, आधार देणाऱ्या खांबांवरच्या शिलालेखांत या तारखा नोंदलेल्या आहेत. दक्षिणेला चर्चला चिकटून जेझुइटांचं निवासस्थान आहे, 'प्रोफेस्ड हाउस'. ते चर्चच्याही आधीचं. १६६३ च्या आगीत त्याचं मोठं नुकसान झालं आणि १७८३ मध्ये ते पुन्हा बांधलं गेलं.

चर्चची आखणी क्रुसाच्या आकाराची आहे. आत एकच लांब दालन आहे, बाजूला खांबांच्या ओळी नाहीत, त्यामुळे दारातून शिरताच नजर थेट सोनेरी वेदीवर जाते. लांबी १८३ फूट, रुंदी ५५ फूट, उंची ६१ फूट. उजव्या हाताच्या पाखेत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शव आहे. चांदीची पेटी गोव्यातल्याच कारागिरांनी सतराव्या शतकात घडवली. तिच्याखालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकने पाठवला, तो जोव्हानी बातिस्ता फोज्जिनी या फ्लोरेन्सच्या शिल्पकाराचा. १६९८ मध्ये तो इथे बसवला गेला. गोव्याच्या माणसाला हे चर्च आपलं वाटतं ते या शवामुळे. ख्रिस्ती असो वा हिंदू, इथला माणूस झेवियरना 'गोंयचो सायब' म्हणतो.

दर्शनी भिंत ७८ फूट उंच आणि ७५ फूट रुंद आहे. खाली तीन दारं, त्यावर तीन चौकोनी खिडक्या, त्यावर तीन गोल खिडक्या आणि सर्वांत वर मुकुटासारखा भाग. त्यात मधोमध 'आयएचएस' ही जेझुइटांची येशूच्या नावाची अक्षरं कोरलेली आहेत. युरोपीय स्थापत्यातल्या स्तंभांच्या शैली या एका भिंतीवर पाहायला मिळतात. गोव्यातल्या इतर मोठ्या चर्चना समोर एक किंवा दोन मनोरे असतात, इथे समोर मनोरा नाही, घंटाघर मागे आहे.

यातला काळा दगड वसईहून आला. मराठी वाचकाला हा धागा ओळखीचा वाटेल. वसई तेव्हा पोर्तुगीजांची होती, १७३९ पर्यंत राहिली. उत्तर कोकणातला बेसॉल्ट जहाजांनी मांडवी नदीच्या मुखात आणला गेला, कारण गोव्यातल्या जांभ्यात बारीक कोरीवकाम टिकत नाही. जांभा सच्छिद्र असतो. त्याच्यावर पानं-फुलं कोरायला गेलं तर कडा तुटतात. म्हणून जिथे कोरायचं तिथे बेसॉल्ट आणि जिथे नुसती भिंत उभी करायची तिथे जांभा, अशी वाटणी बांधणाऱ्यांनी केली. भिंतीचा जांभा चुन्याच्या गिलाव्याखाली जायचा होता, हे त्यांच्या हिशेबात पहिल्यापासून होतं. पांढऱ्या भिंतीवर काळी कोरीव रेषा, असं मूळ चित्र होतं. एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रांत इमारत गिलावा केलेलीच दिसते.

दगडात याचा पुरावा आजही वाचता येतो. जांभ्याचे चिरे घडीव नाहीत, ओबडधोबड आहेत. त्यांच्यामधल्या दर्जा, म्हणजे सांधे, रुंद आणि वेड्यावाकड्या आहेत, काही ठिकाणी चिऱ्यांचे तुकडे, चिपा घालून पोकळी भरलेली आहे. जो गवंडी बेसॉल्टचे खांब इतक्या नेमकेपणाने बसवतो, तो शेजारची भिंत अशी सोडेल का? ती झाकली जाणार हे त्याला ठाऊक होतं म्हणूनच त्याने ती तशी बांधली. चुना धरून ठेवायला खडबडीत अंगच हवं असतं.

१९५० चं दशक

१९४६ मध्ये पोपनी या चर्चला बासिलिकेचा दर्जा दिला. १९५२ मध्ये झेवियर यांच्या मृत्यूला चारशे वर्षं पूर्ण होत होती. शवाचं मोठं प्रदर्शन व्हायचं होतं, जगभरातून भाविक येणार होते. त्याच सुमारास भारत स्वतंत्र झाला होता आणि गोवा परत मागत होता. १९५१ मध्ये पोर्तुगालने राज्यघटना बदलून वसाहतींना 'सागरापारचे प्रांत' असं नाव दिलं. गोवा हा पोर्तुगालचाच भाग आहे, शतकानुशतकं आहे, हे जगाला दाखवण्याची पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारला निकड होती. जुनं गोवं हे त्या दाव्याचं सर्वांत देखणं ठिकाण.

या काळात पोर्तुगालच्या स्मारक खात्यातले वास्तुविशारद बाल्ताझार काश्त्रू गोव्यात आले. पोर्तुगालमध्ये हे खातं १९२९ पासून मध्ययुगीन चर्चची डागडुजी करत होतं. त्यांची एक ठरलेली पद्धत होती. नंतरच्या काळात चढलेले गिलावे, वेद्या, रंग काढून टाकायचे आणि आतला ग्रॅनाइट उघडा करायचा. उघडा दगड म्हणजे मूळ, उघडा दगड म्हणजे प्राचीन, अशी ही धारणा. उत्तर पोर्तुगालच्या कठीण ग्रॅनाइटला त्यातून फार इजा झाली नाही. इमारतीचा इतिहास तेवढा पुसला गेला.

काश्त्रूंनी तीच पद्धत बॉम जेझुसवर वापरली. गिलावा काढला आणि जांभा उघडा पडला. पांढऱ्या शहरात एक तांबडं चर्च उभं राहिलं. ते खरोखरच जुनाट, भव्य आणि गंभीर दिसू लागलं. काश्त्रूंच्या नजरेला जे हवं होतं ते मिळालं. जांभा मात्र ग्रॅनाइट नव्हता.

इथे घडलेली चूक दुष्टपणाची नव्हती. एका देशात शिकलेलं डोकं दुसऱ्या देशाच्या दगडावर जसंच्या तसं वापरलं गेलं, एवढंच. पण गोव्यातल्या कुठल्याही जुन्या गवंड्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की जांभ्याच्या उंच भिंतीचा चुना काढू नये. त्याला कुणी विचारलं नसावं, आणि या सगळ्या प्रकरणात मला याचंच सर्वांत जास्त वाईट वाटतं.

जांभ्याचं काय होतं

जांभा हा कोकणच्या माणसाचा रोजचा दगड. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की हत्याराने सहज कापता येतो. उघड्या हवेत पडला की वरची कातडी कठीण होते. १८०७ मध्ये फ्रान्सिस ब्युकॅनन या इंग्रजांच्या सेवेतल्या अभ्यासकाने मलबारात हा दगड पाहून त्याला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून नाव दिलं, ते याच गुणामुळे. लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं एक जाळी तयार करतात, त्या जाळीमुळे दगडाला ताकद येते. जाळीच्या भोकांत मात्र पांढरी-पिवळी चिकणमाती भरलेली असते.

पाणी या मातीला बाहेर काढतं. पावसाची धार भिंतीवर आपटते, भोकांतली माती थोडी थोडी वाहून जाते, भोकं मोठी होतात, पुढच्या पावसात पाणी आणखी आत शिरतं. कातडी फुटली की आतला मऊ भाग उघडा पडतो आणि झीज वाढत जाते. भोकांत शेवाळ धरतं, शेवाळाच्या आधाराने माती साठते, त्या मातीत वडा-पिंपळाचं रोप रुजतं. कोकणातल्या पडक्या वाड्याच्या भिंतीत हे सगळं आपण पाहिलेलं असतं.

पाण्याबरोबर क्षारही येतात. मांडवीचं पाणी भरती-ओहोटीचं, खारं. जमिनीतला ओलावा भिंतीत चढतो. ओली भिंत वाळताना पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. भिंतीवर चुन्याचा थर असेल तर वाळण्याची क्रिया त्या थरात होते, क्षाराचे खडे तिथे फुगतात आणि चुना पापुद्र्यांनी सुटतो. चुना नसेल तर हेच सगळं दगडाच्या अंगात होतं. सुटतो तो दगड.

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वारा नैर्ऋत्येचा. बॉम जेझुसची दर्शनी भिंत पश्चिमेला तोंड करून उभी आहे, म्हणजे पावसाचा पहिला मारा तिच्यावर. दक्षिणेची भिंत 'प्रोफेस्ड हाउस'मुळे बरीचशी झाकली जाते. उत्तरेच्या भिंतीचं दुखणं वेगळं. पाऊस संपतो तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे भिंत सुकवण्याच्या नेमक्या महिन्यांत तिला ऊन मिळत नाही. त्या बाजूला नंतरच्या काळात मोठे कमानदार टेकू बांधले गेले आहेत, त्यांच्या बगलेत ओल आणखी टिकते.

सर्वांत वाईट अवस्था वरच्या मुकुटाची. दर्शनी भिंतीचा हा भाग छपराच्या वर उघडाच उभा आहे. त्याला पुढून पाऊस लागतो, मागून लागतो आणि माथ्यावरूनही झिरपतो. कोरडी बाजू अशी नाहीच.

इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात उघड्या जांभ्याची घरं, विहिरी, गडगे (कुंपणाच्या भिंती) शेकडो आहेत. ते कुठे विरघळतात? पण त्या घरांकडे नीट पाहा. भिंत बारा-पंधरा फूट उंच, वर कौलांचं छप्पर भिंतीच्या पुढे दोन-तीन हात आलेलं, समोर पडवी. पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात. पावसाळ्याआधी वाऱ्याच्या बाजूला विणलेल्या चुडतांचा, म्हणजे माडाच्या झावळ्यांचा, आडोसा बांधला जातो. घराने जांभ्याला पावसापासून लपवून ठेवलेलं असतं. गडग्यासाठी आणि विहिरीसाठी कठीण चिरा निवडला जातो, आणि गडगा झिजला तर त्यावर दोन चिरे चढवून भागतं. ७८ फूट उंचीच्या सरळ भिंतीला वळचण नसते. तिचं छप्पर, तिची पडवी, तिचं चुडत म्हणजे तिचा चुनाच होता.

जांभ्याच्या मोठ्या वास्तूचं आच्छादन गेलं की शेवट कसा होतो, हे बासिलिकेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, मॉन्ती सांतो टेकडीवर दिसतं. ऑगस्टिनियन संघाचं तिथलं चर्च १६०२ मध्ये पूर्ण झालं होतं. धार्मिक संघांवर बंदी आली आणि १८३५ मध्ये ते रिकामं झालं. १८४२ मध्ये छताची कमान कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. आज तिथे सुमारे ४६ मीटर उंचीचा, अर्धा उरलेला जांभ्याचा मनोरा उभा आहे. बॉम जेझुसला छप्पर आहे, रोजची मिसा (प्रार्थना) आहे, माणसांचा वावर आहे, म्हणून दोघांची थेट तुलना करणं बरोबर नाही. दगड मात्र तोच, आणि पाऊसही तोच.

गावची चर्चं कशी टिकतात

या प्रकरणाची दुसरी बाजू मला पॅरिश चर्चमध्ये, म्हणजे गावच्या भाविकांच्या चर्चमध्ये, सापडते. पणजीचं 'इमॅक्युलेट कन्सेप्शन' चर्च घ्या. १५४१ च्या एका छोट्या चॅपेलच्या जागी १६१९ मध्ये ते मोठं चर्च उभं राहिलं. समोरच्या नागमोडी पायऱ्या १८७१ च्या. वरची मोठी घंटा आली ती त्याच ऑगस्टिनियन मनोऱ्यातून. दगड तोच, पाऊस तोच, वाराही तोच. पण हे चर्च पांढरं शुभ्र आहे आणि त्याची भिंत शाबूत आहे.

कारण साधं आहे. पॅरिश चर्चला मालक असतो. गोव्यात चर्चच्या मालमत्तेचा आणि डागडुजीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाला 'फाब्रिका' म्हणतात. त्याशिवाय 'कॉनफ्रारिया' असतात, म्हणजे भाविकांचे बंधुसंघ. फेस्तांचा, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणांचा, मान आणि खर्च त्यांच्याकडे. पाऊस संपला, भिंती सुकल्या की रंगकाम निघतं. पणजीच्या चर्चचं फेस्त ८ डिसेंबरला असतं. त्याआधी परांच्या बांधल्या जातात, शेवाळ घासलं जातं, पोपडे काढले जातात, नवा हात दिला जातो. फेस्ताच्या दिवशी चर्च उजळलेलं दिसायला हवं, एवढीच लोकांची इच्छा असते. त्या इच्छेतून भिंतीचं वर्षाचं काम आपोआप होऊन जातं.

चुन्याचा थर हा झिजण्यासाठीच असतो. कळीचा चुना विरवून, वाळूत मळून भिंतीवर चढवला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. याला महिने लागतात. समुद्राकाठी चुना शिंपल्या भाजून बनवायचा. कोकणात त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी घालण्याची रीत होती. हा थर पावसाचं पाणी काही प्रमाणात पितो आणि ऊन पडलं की सोडून देतो, म्हणजे भिंत श्वास घेते. दरवर्षी त्याचा थोडा भाग जातो, दरवर्षी नवा हात त्याची भरपाई करतो. चारशे वर्षांच्या चर्चवरचा चुना चारशे वर्षांचा नसतो, आणि नसावाही. वास्तू जुनी राहते ती तिचं अंगरखं सतत नवं होत राहिल्यामुळे.

बॉम जेझुस हे पॅरिश चर्च नाही. जेझुइटांना १७५९ मध्ये पोर्तुगीज सत्तेने हाकललं, तेव्हापासून त्याचे मूळ मालक गेले. पुढे ते स्मारक झालं. १९६१ नंतर त्याची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली आणि १९८६ मध्ये 'गोव्यातील चर्च आणि कॉन्व्हेंट' या नावाने ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आत प्रार्थना चर्चची, बाहेरची भिंत सरकारची. ही विभागणी कायद्याने योग्यच आहे. पण स्मारकाच्या देखभालीत काम प्रकल्पानुसार होतं. अहवाल, अंदाजपत्रक, मंजुरी, मग काम. चुन्याच्या भिंतीला प्रकल्प नको असतो, दरवर्षीचा ऑक्टोबर हवा असतो.

आता काय करावं

२०२० मध्ये बासिलिकेच्या रेक्टरांनी, म्हणजे तिथल्या प्रमुख धर्मगुरूंनी, छताची गळती आणि भिंतींची झीज याबद्दल जाहीरपणे चिंता मांडली. त्यानंतर छताचं काम झालं. भिंतींचा प्रश्न चर्चेत राहिला. चर्चच्या बाजूने आणि अनेक स्थापत्य-अभ्यासकांकडून पुन्हा गिलावा करावा असा आग्रह आहे. दुसऱ्या बाजूलाही वजनदार मुद्दे आहेत, ते बाजूला सारून चालणार नाही.

पहिला मुद्दा आठवणींचा. पांढरं बॉम जेझुस ज्यांनी स्वतः पाहिलं त्यांचं वय आज ऐंशीच्या आगेमागे असणार. बाकी सगळ्या गोव्याला हे चर्च तांबडंच माहीत आहे. आपल्या आजीचा हात धरून ज्या तांबड्या भिंतीसमोर नोव्हेनाला (फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला) उभे राहिलो, ती भिंत एका सकाळी पांढरी झाली तर माणसाला परकं वाटेल. ही भावना खोटी नाही आणि तिची थट्टा करू नये.

दुसरा मुद्दा तत्त्वाचा. वास्तू जपण्याबाबतच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत म्हटलं आहे की इमारतीवर प्रत्येक काळाने घातलेली रास्त भर जपावी, एकाच शैलीची शुद्धता हे संवर्धनाचं ध्येय नव्हे. गिलावा काढणं या सनदेच्या विरुद्ध होतं, फक्त ते सनदेच्या आधी घडलं. पण याच वाक्याचा आधार घेऊन कुणी म्हणू शकतो की १९५० च्या दशकातलं उघडं रूपही आता इतिहासाचा एक थर झालं आहे, ते का पुसायचं? मी या प्रश्नावर बराच विचार केला. माझं उत्तर असं की थर म्हणजे इमारतीत घातलेली भर. काश्त्रूंनी काही घातलं नाही, काढून नेलं. आणि जे रूप टिकवण्यासाठी दगडच खर्ची पडतो, ते रूप फार काळ टिकणारही नाही. भिंत उघडी ठेवली तरी आजची भिंत पन्नास वर्षांनी दिसणार नाही.

तिसरा मुद्दा कामाचा आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सत्तर पावसाळे झेललेला दगड १६०५ चा दगड नाही. त्यात क्षार आहेत, पोकळ्या आहेत, काही भाग नुसता हात लावला तरी सुटतो. घाईने चुना चढवला तर तो दोन पावसात सुटेल आणि सुटताना दगडाची उरलेली कातडीही घेऊन जाईल. सिमेंटचा तर विचारही नको. सिमेंट ओल आत कोंडतं, मागचा जांभा कुजतो आणि बाहेरून भिंत ठणठणीत दिसत राहते. गोव्यातल्या आणि कोकणातल्या कितीतरी जुन्या घरांचं असं नुकसान झालेलं आहे.

म्हणून मला क्रम महत्त्वाचा वाटतो. पहिल्यांदा पाणी: छप्पर, पन्हळी, पायाजवळचा निचरा. पाणी भिंतीत येत राहिलं तर वरचा कोणताही थर व्यर्थ. मग झाडं, मुळांसकट. मग भिंतीचा ओलाव्याचा आणि क्षारांचा नकाशा, निदान एक पूर्ण वर्षभर, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात. त्याच वेळी जुन्या चुन्याचा शोध घ्यावा. कार्निसच्या खाली, चौकटीच्या मागे, जिथे काश्त्रूंच्या माणसांचं हत्यार पोचलं नसेल अशा बेचक्यांत जुन्या गिलाव्याचे अवशेष मिळाले, तर त्यातलं चुना-वाळूचं प्रमाण आणि वाळूचा दाणा तपासून तसंच मिश्रण बनवता येईल. खोल झिजलेले खड्डे गिलाव्याने भरू नयेत, तिथे जांभ्याच्या चिपा चुन्यात बसवाव्यात, जशा मूळ गवंड्याने बसवल्या होत्या.

सुरुवात दर्शनी भिंतीपासून करू नये. उत्तरेच्या भिंतीवर, टेकूच्या आड, चार-पाच वेगवेगळ्या मिश्रणांचे हातभर रुंद पट्टे घालावेत आणि दोन पावसाळे नुसते पाहावेत. कुठला पट्टा टिकला, कुठे पोपडा आला, मागचा दगड कसा राहिला, हे लोकांनाही दाखवावं. लोकांना पांढऱ्या रंगाची भीती कमी आणि आपल्याला न विचारता काही होण्याची भीती जास्त असते. एकदा तसं झालेलं आहेच. त्यानंतर उत्तरेची भिंत, त्यानंतर वरचा मुकुट, आणि दर्शनी भिंत सर्वांत शेवटी. बेसॉल्टला कुणी हात लावू नये. तो उघडाच राहायचा आहे, पहिल्यापासून तसाच होता, आणि शेजारी पांढरा चुना आला की वसईच्या त्या काळ्या दगडातलं कोरीवकाम आत्ता तांबड्या भिंतीवर दिसतं त्यापेक्षा किती तरी स्पष्ट दिसेल. मला स्वतःला याचीच सर्वांत जास्त उत्सुकता आहे.

यासोबत एक करार लेखी व्हायला हवा: पुरातत्त्व खातं आणि बासिलिका यांच्यात, दरवर्षी पावसाळ्यानंतरच्या पांढऱ्या हाताचा. काम कुणी करायचं, परांची कुणाची, चुना कुठून, पैसे कोणत्या शीर्षाखाली. झेवियर यांचं फेस्त ३ डिसेंबरला असतं, त्याआधी नऊ दिवस नोव्हेना चालते आणि पहाटेपासून माणसं जुन्या गोव्याकडे पायी निघालेली असतात. पाऊस सप्टेंबरअखेर सरतो, ऑक्टोबरच्या उन्हात भिंत वाळते. हात द्यायला नोव्हेंबरचे पहिले तीन आठवडे पुरतात.